बँकेचं शून्य

सव्वा वर्ष मी जगातला सर्वांत कमी मत्सरी माणूस होतो. तसं पत्र आहे माझ्याकडे, सहा देशांच्या सह्यांचं. बायकोने ते फ्रिजवर लावलं होतं, विजेच्या बिलाखाली.

मी समभाग विकास बँकेच्या नागपूर कार्यालयात नोकरीला आहे. ही बँक २०३१ साली सहा देशांनी मिळून काढली: भारत, इथिओपिया, ब्राझील, व्हिएतनाम, इजिप्त आणि पेरू. श्रीमंत देशांच्या बँकांमध्ये आपल्याला कोपऱ्यातली खुर्ची मिळते, हे या सहांचं जुनं दुखणं. म्हणून आपल्या बँकेत त्यांनी सगळं समसमान ठेवलं. भांडवल समान, मत समान, नकाराधिकार कोणालाच नाही. रस्ते, धरणं, वीज यांसाठी पैसा द्यायचा आणि देताना कोणी वरचा, कोणी खालचा नाही.

कल्पना उत्तम होती. फक्त समानतेचा एक तोटा कोणाच्या ध्यानात आला नाही. शेजारच्याचं ताट आपल्यापेक्षा दसपट मोठं असलं तर माणूस तिकडे बघत नाही. सारखंच असलं की तो भजी मोजायला लागतो. संचालकांच्या बैठकीत सहा सारखे कप असत आणि प्रत्येक बशीत तीन बिस्किटं. २०३८ साली पेरूच्या बशीत चार आली. त्या दिवशी एका पुलाचा ठराव बारगळला, तो पूल अजून झालेला नाही.

आता यंत्राकडे येतो. पहिल्या दहा वर्षांत बँकेचे तीनशे बारा प्रकल्प पूर्ण झाले आणि त्यातले एकशे चार मोडले. पंपात वाळू, सौर पॅनेलवर दगड, कालव्याला भलतीकडेच भोक. भ्रष्टाचार शोधला, पुरेसा सापडला नाही. अभियंत्यांच्या चुका शोधल्या, त्याही बेताच्याच होत्या. शेवटी चारशे पानांचा अहवाल झाला आणि त्याचा निष्कर्ष एका शब्दात होता: शेजारी. प्रत्येक प्रकल्प मोडणारा माणूस पाच किलोमीटरच्या आत राहणारा होता आणि त्याला तो प्रकल्प मिळालेला नव्हता.

म्हणजे धरण बांधण्याआधी माती तपासतात, तसा आजूबाजूचा मत्सर तपासायला हवा होता. ते यंत्र बनवलं अनिमिष हेडाऊने.

अनिमिषबद्दल मी निःपक्षपातीपणे लिहितो. उंच आहे. केस आहेत. आठवीपासून आम्ही एका वर्गात, मग एका कॉलेजात, मग एकाच तारखेला बँकेत. तर्री पोह्याच्या गाडीवर एकदा मीच म्हणालो होतो, "जळणाऱ्या माणसाचं नाकच सांगतं बे." मी ते बोललो आणि पोहे खाल्ले. त्याने ते ऐकलं आणि यंत्र बनवलं. त्याच्या शोधनिबंधात माझे आभार आहेत, कॅन्टीनच्या नंतर.

यंत्रामागचं शास्त्र सोपं आहे. मनावर ताण आला की नाकाच्या शेंड्याकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्त कमी पोचतं, शेंडा गार पडतो. कपाळ मात्र तसंच राहतं, कारण मेंदूचं रक्त शरीर सहजासहजी तोडत नाही. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने दुरूनही हा फरक मोजता येतो. आता भीतीनेही नाक गार पडतं. म्हणून अनिमिषने दोन प्रकारची चित्रं घेतली. आधी शेजाऱ्याचं भलं झालेलं दाखवायचं, मग त्याच शेजाऱ्याचं वाईट झालेलं. भ्यालेल्या माणसाचं नाक दोन्ही वेळा गार. मत्सरी माणसाचं पहिल्या वेळी गार आणि दुसऱ्या वेळी छान कोमट.

अडचण एकच होती, शून्य कुठे धरायचं? तापमापकाला बर्फ असतो, बर्फाला शून्य म्हटलं की पुढचं सगळं मोजता येतं. मत्सराचा बर्फ कुठून आणायचा? ज्याला कोणाचाच हेवा वाटत नाही असा एक माणूस हवा होता. त्याच्या नाकाकपाळातला फरक म्हणजे शून्य, आणि सगळं जग त्याच्यावरून मोजायचं. बँकेने ठरवलं, आधी आपल्याच चाळीस कर्मचाऱ्यांत शोधू.

माझी पाळी चौदा जानेवारीला सव्वाअकराला होती. अकरा वाजून पाच मिनिटांनी लिफ्टमध्ये अनिमिष भेटला.

"सौम्या, झालं बे! प्रकल्पप्रमुख केलं मला. केबिन पण दिली, काचेची."

"अभिनंदन."

"तुझ्यामुळेच ना बे."

हा टोमणा होता का, हे मी अजून तपासतो आहे.

खुर्चीत बसलो. समोर चित्रं सुरू झाली. शेजाऱ्याची नवी गाडी, चुलतभावाचा तीन मजली बंगला, वर्गमित्राच्या गळ्यात हार. मला काही वाटेना. मग गाडी चोरीला गेली, बंगल्याचं छत गळायला लागलं, वर्गमित्र बसच्या रांगेत दिसला. त्यातही गोडी वाटेना, कारण गाडी अनिमिषची नव्हती आणि बंगला अनिमिषचा नव्हता. पडद्यावर माझ्या नाकाची रेघ सरळ, रूळ टाकल्यासारखी.

तंत्रज्ञ उठून उभा राहिला. "साहेब, तुम्ही ध्यानधारणा करता का?"

"थोडीफार," मी म्हणालो.

माझ्या नाकाकपाळात चार पूर्णांक एक अंशाचा फरक होता. बाकीच्यांचा एक, फार तर दीड. त्याने शेरा मारला: प्रकृतीने थंड. अशा रीतीने माझी बँकेचं शून्य म्हणून नेमणूक झाली.

घरी पत्र दाखवलं. मंजिरी, म्हणजे माझी बायको, भूलतज्ज्ञ आहे. माणसाच्या रक्तवाहिन्या तिला पाठ. तिने पत्र वाचलं, मग दोन बोटांनी माझं नाक धरलं.

"आज कोणाला काय मिळालं?"

"कोणाला काही नाही."

"सौमित्र."

"अनिमिषला केबिन. काचेची."

ती हसली नाही, हे जास्त लागलं. "गार पाण्यात बर्फ टाकला तर पाणी आणखी गार होतं. बर्फात बर्फ टाकल्यावर काय होणार? तुझं नाक खाली जाईल तेवढं आधीच गेलं होतं, म्हणून रेघ हलली नाही. आणि ह्यांनी तेच शून्य धरलं? उद्या सांगून टाक."

"सांगतो."

नाही सांगितलं. चूक कबूल करायला मला लाज वाटत नाही, रोज एक करतो. पण ही चूक सांगायची म्हणजे अनिमिषकडे जळण्यासारखं काहीतरी आहे, हे अनिमिषच्या तोंडावर कबूल करायचं. त्यापेक्षा संत होणं परवडलं.

आणि संतपण वाईट नव्हतं. शून्य बदलता कामा नये, म्हणून परिपत्रक निघालं: 'श्री. सौमित्र ठवकर यांना हेवा वाटेल असे वर्तन कार्यालयात करू नये.' लेखा विभागातले ढोबळे नवी गाडी दोन चौक आधी लावून चालत येऊ लागले. एकीची मुलगी मेडिकलला लागली, तेव्हा पेढे तळघरात वाटले आणि मला सांगितलं की आग विझवण्याची तालीम होती. माझ्या भोवतालची कोणतीही वस्तू हलवायची नाही, असंही त्यात होतं. त्यामुळे माझ्या खुर्चीसमोरची अनिमिषची काचेची केबिन कायम तिथेच राहिली. दिवसाचे आठ तास तो समोर. रोज सकाळी माझं नाक मोजून यंत्राचं शून्य लावलं जाई आणि रोज चार पूर्णांक एक येई. इतकं स्थिर शून्य विज्ञानाच्या इतिहासात झालं नसेल.

मग जग मोजायला सुरुवात झाली, आणि जगात मत्सर नाही असं निघालं.

दुसरं काय निघणार? माझ्यापेक्षा कमी जळणारा माणूस यंत्रात शून्याच्या खाली जाई आणि खाली गेलेलं सगळं यंत्र शून्यच दाखवी. तीस वर्षं एकमेकांची गुरं पळवणारी दोन गावं: शून्य. एकाच विहिरीवरून कोर्टात गेलेले सख्खे भाऊ: शून्य. वर्तमानपत्रांनी मथळे दिले की विकसनशील देशांतली माणसं मनाने मोठी. अनिमिषला पदक मिळालं. पदकासोबत कोट होता. कोट त्याला बसत होता.

मध्ये एकदाच यंत्र 'बिघडलं'. ऑगस्टमध्ये अनिमिषला डेंग्यू झाला. आठ दिवस दवाखान्यात होता. मी रोज डाळिंबं घेऊन जात होतो, एवढा प्रेमळ मी कधीच नव्हतो. त्या आठ दिवसांत माझा फरक शून्य पूर्णांक नऊवर आला आणि यंत्र अख्ख्या जिल्ह्यात मत्सर दाखवू लागलं. तंत्रज्ञाने तीनदा भिंग पुसलं. नवव्या दिवशी अनिमिष परत आला, चार किलो बारीक होऊन, आधीपेक्षा बरा दिसत. यंत्र दुरुस्त झालं.

एप्रिल २०४३. पारा अठ्ठेचाळीसवर होता. बँकेच्या यादीत आमच्याच भागातला एक प्रकल्प आला: पिंपळगोंदी गावात गारवाघर. जमिनीखाली बांधलेली मोठी खोली, सौर विजेवर थंड राहणारी, दोनशे माणसं दुपारभर बसू शकतील अशी. आदल्या उन्हाळ्यात पिंपळगोंदीत सात माणसं उष्माघाताने गेली होती. नाल्यापलीकडच्या बोरडोहात चार. नियम असा होता की शेजारच्या गावाचा मत्सरांक पन्नासच्या वर गेला तर त्यालाही गारवाघर द्यायचं. खाली असला तर एकच बांधायचं.

मी आणि अनिमिष कॅमेरा घेऊन बोरडोहात गेलो. सरपंच गिरजाबाई मडावी ओसरीत बसल्या होत्या. अनिमिषने चित्रं दाखवली, पिंपळगोंदीची माणसं गारव्यात बसलेली. यंत्राने आकडा दिला: शून्य.

"बाई, तुमच्या मनात मत्सर नाही," अनिमिष आदराने म्हणाला.

"कोन म्हनते?"

"यंत्र म्हणतं."

"माह्या मनातलं मले विचारा ना. त्यायच्या लेकरायनं थंड्यात बसाचं अन् आमच्या लेकरायनं नाल्यातून पाहाचं? आमी काय टाळ्या वाजवाच्या?"

"मग काय कराल?" मी विचारलं.

"फोडू," गिरजाबाई म्हणाल्या. "लिहून घ्या. मी सांगतलं तरी आयकनार नाही पोट्टे, अन् मी सांगनार बी नाही."

मग त्यांनी आम्हाला ताक दिलं. परतीच्या जीपमध्ये मी म्हणालो, "अनिमिष, ती बाई खरं बोलून राहिली होती."

"सौम्या, तू शून्य आहेस ना बे," तो समजुतीने म्हणाला. "तुला मत्सर ओळखू कसा येणार?"

घरी मंजिरीला सांगितलं. तिने या खेपेला नाकाला हात लावला नाही.

"गारवाघराचं तोंड एकच असतं ना?"

"हो."

"ते फोडतील तेव्हा आत माणसं असतील. मे महिन्यात, दुपारी. नंतर त्यांना आमच्याकडेच आणतील." ती चष्मा पुसत राहिली. "तू अनिमिषकडे बघून जळतोस हे मला चालतं, सौमित्र. मला सवय आहे. पण त्यासाठी दुसऱ्या कोणी मरायला नको."

संचालकांची बैठक मंगळवारी होती. सहा खुर्च्या, सहा कप. शून्य म्हणून मी यंत्राशेजारी बसायचो, बैठकीतही, आणि कोण कोणाकडे बघताना कोणाचं नाक गार पडतं ते त्याचा कॅमेरा सगळीकडे टिपत राही. अध्यक्षपद त्या वर्षी इथिओपियाच्या तिगिस्त मॅडमकडे होतं. अत्यंत गंभीर, पांढऱ्या केसांच्या बाई. सगळ्यांच्या कानात अनुवादयंत्र होतं आणि ते मराठी नागपुरात शिकलं होतं, त्याला इलाज नव्हता.

"बोरडोह शून्य," मॅडम म्हणाल्या, म्हणजे कानात तसं आलं. "मंग एकच बांधू ना बे. कोणाचं काही म्हणणं?"

मी उभा राहिलो. शून्याने बोलायची पद्धत नव्हती, त्यामुळे सगळे माझ्याकडे टेबल बोलल्यासारखं बघू लागले.

"शून्य चुकलं आहे," मी म्हणालो. "चौदा जानेवारीला मला मत्सर नव्हता असं नाही. मला त्याहून जास्त होऊच शकत नव्हता."

"काय सांगून राहिला तू?"

"अनिमिषला अकरा वाजून पाच मिनिटांनी केबिन मिळाली. मी सव्वाअकराला खुर्चीत बसलो."

अनिमिष हसला. त्याला खरंच विनोद वाटला. "मॅडम, उन्हात फिरलोय आम्ही. तो गंमत करतोय."

"रोजची नोंद काढा," मी म्हणालो. "ऑगस्टचे आठ दिवस यंत्र बिघडलं होतं ना? बिघडलं नव्हतं. अनिमिष दवाखान्यात होता आणि मला बरं वाटत होतं."

ब्राझीलच्या संचालकांनी कप बशीवर टेकवला. तंत्रज्ञाने नोंद काढली. तारखा जुळल्या. मॅडमनी माझ्याकडे, मग अनिमिषकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"डेंग्यू झाला म्हणून बरं वाटलं तुला?"

"मी डाळिंबं नेली होती," मी म्हणालो. बचाव म्हणून नाही, माहिती म्हणून.

ऑगस्टचा आकडा शून्य धरून तिथेच सगळं पुन्हा मोजायला लावलं. बोरडोह: त्र्याऐंशी. ठराव बदलला. दोन्ही गावांत गारवाघरं, पावसाळ्याआधी, आणि दोन्हींचं दार एका दिवशी उघडायचं. मग जगभरचे जुने आकडे दुरुस्त होऊन पडद्यावर येऊ लागले. त्यात सहा संचालकांना एकमेकांबद्दल काय वाटतं तेही आलं. ते पान मॅडमनी स्वतः उठून बंद केलं.

शेवटी कर्मचाऱ्यांचं पान आलं. शंभरापैकी मोजतात, पण माझ्यासाठी पट्टी वाढवावी लागली. सौमित्रला अनिमिषबद्दल: दोनशे बारा. त्याच्या खालची ओळ मी वाचायला नको होती. अनिमिषला सौमित्रबद्दल: शून्य. खरंखुरं.

सव्वा वर्ष आम्ही जे शोधत होतो ते माझ्याकडे तोंड करूनच बसलं होतं. एक गोष्ट लिहून ठेवतो: दोनशे बाराची लाज मला कमी वाटली. त्या शून्याची जास्त वाटली. माणसाने आयुष्यात दुसऱ्याला हेवा वाटेल असं निदान पाच गुणांचं तरी कमवावं.

माझं पद रद्द झालं. अनिमिषची केबिन गेली, प्रकल्पप्रमुखपद गेलं, कोट राहिला. आम्हा दोघांना बोरडोहच्या बांधकामावर पाठवायचं ठरलं. मी खाली उतरलो आणि पार्किंगच्या पत्र्याखाली उभा राहिलो. थोड्या वेळाने तो आला. मारेल, असं मला वाटलं. मारलं असतं तर हिशेब सोपा झाला असता.

"दोनशे बारा?" तो म्हणाला.

"हो."

"माझा?"

"हो बे. वाचलंस ना."

तो माझ्या स्कूटरवर बसला. आरशात स्वतःचं नाक बघितलं. मग म्हणाला, "पण माझ्याजवळ आहे काय?"

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. जे मी चोवीस वर्षं पाठ करत होतो, ते याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"तुला कुठेही झोप लागते," मी म्हणालो. "दाताच्या डॉक्टरकडे लागली होती तुला, मी होतो तिथे. तू चुकलास की 'चुकलो' म्हणतोस आणि जेवायला बसतोस. मी तीन दिवस जेवत नाही. नवा माणूस खोलीत आला की तू खुर्ची सरकवतोस. मी सरकवावी का याचा विचार करतो, तोवर तो बसलेला असतो. तुझ्या आईला तुझा फोन आला की ती उभी राहते, अन् बोलता बोलता घरभर फिरते. मी बघितलं आहे. नववीत माझी सायकल चोरीला गेली तर महिनाभर तूही चालत आलास, स्वतःची घरी ठेवून, आणि चालायला आवडतं असं सांगितलंस. मला तेव्हाही राग आला होता, हे मला का नाही सुचलं म्हणून. मी पोह्याच्या गाडीवर काहीतरी बोलतो आणि विसरतो. तू ते ऐकतोस. तू सगळ्यांचं ऐकतोस बे. फक्त त्या बाईचं ऐकलं नाहीस."

"थांब, थांब." त्याने खिसे चाचपले. मोबाइल काढला. "झोपेनंतर काय म्हणाला तू? लिहून घेतो."

"चुकलो म्हणतोस अन् जेवतोस."

तो लिहू लागला. त्याचे डोळे भरले होते, पण त्या उन्हात कोणाचेही भरतात. "एवढं माझ्याकडे कोणी पाहिलं नाही बे," लिहिता लिहिता म्हणाला. "बाबांनी पण नाही. बायको तर म्हणते, तुझ्यात आहेच काय."

मी त्याला लिहिताना बघत होतो. चोवीस वर्षं एक माणूस याच्यावर डोळे लावून बसला होता, याची झोप, याची आई, याची सायकल, सगळं जपून ठेवत होता. याला पदक मिळालं होतं, कोट मिळाला होता, आणि वर असा एक माणूसही मिळाला होता. माझ्याकडे तसं कोणी नव्हतं. मला पुन्हा, अगदी नव्याने, त्याचा हेवा वाटला.

"सायकलनंतर?" तो म्हणाला. "आणखी काय?"

आणखी पुष्कळ होतं. मी खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि काही सांगितलं नाही. सगळं त्यालाच कशाला?